पक्ष्यांमधील संकर आणि जनुकप्रवाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवळच्या नात्यातल्या दोन पक्षी प्रजातींची आपसांत वीण झाली की पुढे काय होते, याविषयी पक्षीनिरीक्षक, जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि छायाचित्रकार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी आला असेल, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संकर आणि जनुकप्रवाह या एकाच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि हा फरक सुरुवातीलाच लक्षात घेतला तर पुढचे बरेच गोंधळ टळतात. दोन वेगळ्या प्रजातींच्या नर-मादीला संतती होणे म्हणजे संकर, आणि त्या संततीला संकरज म्हणतात. संकरज पक्षी वीण न करताच मेला, तर त्याच्यातील जनुके त्याच्याबरोबर संपतात आणि मूळ प्रजातींवर कोणताही परिणाम होत नाही. मात्र त्याने मूळ प्रजातींपैकी एकीच्या पक्ष्याशी जोडी जमवली, त्यांची पिल्ले पुन्हा त्याच प्रजातीत मिसळली आणि असे काही पिढ्या चालले, तर एका प्रजातीची जनुके दुसरीत येऊन कायमची स्थिरावतात. या प्रक्रियेला प्रजातींमधील जनुकप्रवाह म्हणतात. त्यामुळे एखादा संकरज दिसला एवढ्यावरून जनुकप्रवाह सिद्ध होत नाही. उलट, आज एकही संकरज आढळत नसला तरी हजारो वर्षांपूर्वीच्या जनुकप्रवाहाच्या खुणा जीनोममध्ये, म्हणजे पक्ष्याच्या संपूर्ण जनुकीय संचात, सापडू शकतात.

२. ज्यांची आपसांत वीण होऊ शकत नाही त्या वेगळ्या प्रजाती, असे आम्हांला शाळेत शिकवले. मग संकर होणाऱ्या पक्ष्यांना दोन प्रजाती का म्हणायचे?

ही व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेल्या संकल्पनेतून आली आहे, आणि मायर स्वतः पक्षितज्ज्ञ होते. त्यांचा भर वीण होऊच शकत नाही यावर नव्हता. निसर्गात हे दोन गट एकमेकांपासून पुनरुत्पादनाच्या दृष्टीने अलग राहतात, यावर होता. पाठ्यपुस्तकात येईपर्यंत तिचे रूप फार कडक झाले. आज बहुतेक अभ्यासक असे मानतात की, अधूनमधून संकर होऊनही दोन गट आपापला रंग, आवाज, अधिवास आणि जीनोमचा मोठा भाग वेगळा राखून असतील, तर त्यांना दोन प्रजाती म्हणण्यास हरकत नाही. प्रजातींची सीमा ही भिंत नसून चाळणी आहे. काही जनुके तिच्यातून सहज पलीकडे जातात आणि काही अडून राहतात. एखाद्या जोडीचा अभ्यास करताना संकर होतो की नाही एवढेच विचारून भागत नाही. नेमके काय पार होते आणि काय अडते, हे पाहावे लागते.

३. पक्ष्यांमध्ये संकर कितपत आढळतो?

पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९९२ साली केलेल्या गणनेत ९,६७२ प्रजातींपैकी ८९५ प्रजातींचा निसर्गात कोणत्या ना कोणत्या दुसऱ्या प्रजातीशी संकर झाल्याची नोंद होती, म्हणजे साधारण दहांतील एका प्रजातीत. मात्र याचा अर्थ दर दहा पक्ष्यांमागे एक संकरज असतो असा नाही. बहुतेक प्रजातींमध्ये हजारो जोड्यांमागे एखादीच मिश्र जोडी असते. बदके, हंस, तित्तिरकुळातील पक्षी आणि गुंजनपक्षी यांच्यात संकराचे प्रमाण बरेच जास्त आहे, तर अनेक मोठ्या कुळांत तो जवळजवळ दिसत नाही.

४. पक्षी आपला जोडीदार ओळखण्यात चुकतातच कसे?

याची तीन मुख्य कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे जोडीदारांचा तुटवडा. प्रजातीच्या क्षेत्राच्या कडेला, जेथे स्वजातीचे पक्षी विरळ असतात, तेथे विणीचा हंगाम वाया घालवण्यापेक्षा जवळच्या नातलगाशी जोडी जमवली जाते. दुसरे कारण बदकांमध्ये ठळकपणे दिसते. त्यांचे नर जोडीबाहेरच्या माद्यांवर बळजबरी करतात आणि त्या वेळी मादीच्या निवडीला फारसा वाव उरत नाही.

तिसरे कारण शिकण्याशी निगडित आहे. गॅलापॅगोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर ग्रँट दांपत्याने १९७३ पासून डार्विन फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. तेथे नर पिल्लू आपल्या बापाचे गाणे ऐकून शिकते आणि मोठेपणी तेच गाते. मादीसुद्धा लहानपणी ऐकलेल्या गाण्यावरूनच आपला जोडीदार ओळखते. एखाद्या पिल्लाचा बाप लवकर मेला किंवा शेजारच्या घरट्यातील दुसऱ्या प्रजातीचा नर जास्त जोरकसपणे गात असला, तर पिल्लू परके गाणे शिकते आणि पुढे त्याची जोडीही त्या गाण्याच्या प्रजातीत जमते. म्हणजे जे शिक्षण एरवी प्रजातींना अलग ठेवते, त्याच शिक्षणात खंड पडला की संकराची वाट उघडते.

सह्याद्रीच्या परिसरातील अनेक बागांमध्ये लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल एकाच झाडावरची फळे खातात, पण आपापल्या जोड्यांतच राहतात. सान्निध्य म्हणजे संकर नव्हे, हे त्यांच्याकडे पाहिले तरी पटते.

५. संकरज पक्षी खेचरासारखे वांझच असतात ना?

नेहमी नाही. बदकांच्या आणि कावळ्यांच्या अनेक संकरजांना पिल्ले होतात. मात्र जेथे वांझपणा येतो, तेथे तो बहुतेक वेळा आधी माद्यांमध्ये येतो, आणि त्यामागे एक नियम आहे.

जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली दाखवून दिले की, संकरज संततीत एकच लिंग वांझ, दुर्मीळ किंवा पूर्णपणे गैरहजर असेल, तर ते बहुधा भिन्न लिंगगुणसूत्रे असलेले लिंग असते. सस्तन प्राण्यांत अशी भिन्न गुणसूत्रे नराकडे असतात. पक्ष्यांत उलट असते. नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. झेड गुणसूत्रावर दुसऱ्या प्रजातीच्या जनुकांशी न जुळणारे एखादे अप्रभावी जनुक असेल, तर नराकडे त्याचा दोष झाकणारी दुसरी प्रत असते, मादीकडे नसते. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. आपल्याकडील अभ्यासक्रमांत त्यांचे नाव येते, पण त्यांच्या नियमाची पक्ष्यांमधील ही उलटी बाजू क्वचितच समजावून सांगितली जाते, याची मला खंत वाटते.

स्वीडनच्या एलांड आणि गॉटलंड या बेटांवर कवडा माशीमार आणि पट्टेरी मानेचा माशीमार एकत्र वीण करतात. त्यांच्या संकरज माद्या वांझ असतात आणि नरांचीही प्रजननक्षमता घटलेली असते. तेथे परक्या नराशी जोडी जमवलेली मादी गुपचूप स्वजातीच्या नराशीही मीलन करते आणि तिच्या घरट्यात नर पिल्लांचे प्रमाण वाढलेले आढळते, म्हणजे वांझ मुलींचा तोटा काही अंशी भरून निघतो.

६. मला एक विचित्र रंगाचा पक्षी दिसला. तो संकरज असेल का?

बहुधा नाही. सर्वांत जास्त छायाचित्रे याच प्रश्नासोबत येतात, म्हणून आधी इतर शक्यता तपासून पाहाव्यात.

पांढरा कावळा, पांढरे डाग असलेली साळुंकी किंवा फिकट बुलबुल यांच्यात बहुतेक वेळा रंगद्रव्याचा दोष असतो. पिसांत मेलॅनिन उतरत नाही, पण चोच, अंगलट आणि आवाज हुबेहूब आपल्याच प्रजातीचा असतो. दुसरी शक्यता म्हणजे एकाच प्रजातीत नैसर्गिकपणे असलेली दोन रूपे. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आणि तांबूस नर एकाच प्रजातीचे आहेत, आणि कोकण किनाऱ्यावरील समुद्री बगळाही काळपट आणि पांढरा अशा दोन्ही रंगांत आढळतो. तिसरी शक्यता म्हणजे पिसे बदलत असलेला तरुण नर, ज्याचा अर्धा पिसारा मादीसारखा आणि अर्धा नरासारखा दिसतो.

संकरजाचा संशय तेव्हाच घ्यावा, जेव्हा दोन ठरावीक प्रजातींची लक्षणे एकाच पक्ष्यात अनेक ठिकाणी मिसळलेली किंवा मधल्या मापाची दिसतात : चोचीची लांबी, पायांचा रंग, पंखांवरील पट्टे आणि आवाज. एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. समुद्री बगळा आणि छोटा बगळा यांच्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर संकर नोंदला गेला आहे. त्यामुळे तेथे मधल्या लक्षणांचा बगळा दिसल्यास तो नीट टिपून ठेवावा. मात्र साधा काळपट बगळा हा संकरज नव्हे.

७. संशय पक्का असेल तर नोंद कशी करावी?

पक्ष्याची दोन्ही बाजूंनी, पाठीमागून आणि शक्य असल्यास उडताना छायाचित्रे घ्यावीत. चोच, डोळा आणि पाय स्पष्ट दिसतील असे एखादे तरी छायाचित्र असावे. आवाज मोबाइलवर मुद्रित केला तरी चालतो. आजूबाजूला कोणत्या प्रजाती होत्या आणि हा पक्षी कोणाबरोबर होता, तेही लिहावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अनेक जोड्यांसाठी संकरज असा स्वतंत्र पर्याय असतो. तेवढी खात्री नसेल तर दोन प्रजातींपैकी एक, असा पर्याय निवडावा. प्रामाणिकपणे अनिश्चित ठेवलेली नोंद चुकीच्या ठाम नोंदीपेक्षा अभ्यासकाला कितीतरी जास्त उपयोगी पडते.

डीएनए तपासणीच्या हौसेने पक्षी पकडू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि हे काम प्रशिक्षित संशोधकांचेच आहे.

८. संकरपट्टा म्हणजे काय?

दोन प्रजातींची किंवा उपप्रजातींची क्षेत्रे जेथे एकमेकांना भिडतात आणि जेथे संकरज नियमितपणे जन्माला येतात, त्या पट्ट्याला संकरपट्टा म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण युरोपातील कावळ्यांचे आहे. पश्चिम युरोपात पूर्ण काळा कावळा राहतो, तर उत्तर आणि पूर्व युरोपात राखाडी अंगाचा, पण डोके, पंख आणि शेपूट काळी असलेला कावळा. हे दोघे स्कॉटलंड, डेन्मार्क, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि उत्तर इटलीतून जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात भेटतात. विल्हेल्म माइझे यांनी १९२८ साली या पट्ट्याचे तपशीलवार वर्णन केले.

साठ कावळ्यांच्या जीनोमचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आढळलेली गोष्ट चकित करणारी होती. दोन्ही प्रकारांना निश्चितपणे वेगळे करणाऱ्या ८२ स्थानांपैकी ८१ स्थाने अठराव्या गुणसूत्राच्या एकाच भागात एकवटलेली होती, आणि त्या भागात रंगाशी संबंधित जनुके आहेत. बाकीच्या जीनोममध्ये इतकी सरमिसळ झालेली होती की, जर्मनीतला काळा कावळा स्पेनमधल्या काळ्या कावळ्यापेक्षा पोलंड-स्वीडनमधल्या राखाडी कावळ्याच्या जास्त जवळचा निघाला. तरीही पट्टा अरुंदच राहिला आहे, कारण कावळे जोडीदार निवडताना आपल्यासारख्या रंगाचा पक्षी पसंत करतात. जीनोमचा बहुतेक भाग सीमेपलीकडे वाहून जातो, तर रंगाचा भाग अडून राहतो.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न हमखास विचारला जातो : आपल्या गावकावळ्याची राखाडी मान ही डोमकावळ्याशी झालेल्या संकराची खूण नाही. तो त्या प्रजातीचा स्वतःचा रंग आहे.

९. संकरपट्टा एकाच जागी राहतो का?

काही पट्टे दीर्घकाळ स्थिर राहतात, काही सरकतात. अमेरिकेत कॅरोलिना चिकाडी हा दक्षिणेकडचा आणि काळ्या टोपीचा चिकाडी हा उत्तरेकडचा पक्षी आहे. पेनसिल्व्हेनियातील त्यांचा संकरपट्टा एका दशकात सुमारे साडेअकरा किलोमीटर उत्तरेकडे सरकल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि ते सरकणे हिवाळ्यातील किमान तापमानाच्या बदलाशी जुळणारे होते. हे पक्षी हिवाळ्यासाठी अन्न ठिकठिकाणी लपवतात आणि ते कोठे ठेवले हे लक्षात ठेवतात. पुढच्या एका अभ्यासात संकरजांची ही स्मरणशक्ती मूळ प्रजातींपेक्षा कमी आढळली. संकरज दिसायला धडधाकट असूनही निसर्गात मागे का पडतात, याचे हे मला फार मोलाचे वाटणारे उदाहरण आहे, कारण असा दोष नुसते बाहेरून पाहून कोणालाही कळला नसता.

१०. भारतीय उपखंडात अशी उदाहरणे आहेत का?

आहेत. आपल्या परिचयाचा सोनपाठी सुतार श्रीलंकेच्या उत्तर भागातही आढळतो; दक्षिणेकडे मात्र त्याचा लाल पाठीचा नातलग राहतो. दोघांच्या मधल्या प्रदेशात पिवळ्यापासून नारिंगी आणि लालपर्यंत सर्व छटांच्या पाठी असलेले सुतार दिसतात. श्रीलंकेतील संशोधकांनी रंग, मापे आणि जनुके तपासून २०१६ साली दाखवले की, संकर होत असला तरी लाल पाठीचा सुतार ही वेगळी प्रजाती मानणेच योग्य आहे. बुलबुलांमध्येही वायव्येकडे लालबुड्या बुलबुल आणि त्याचे पांढऱ्या गालांचे नातलग यांच्यातील संकर नोंदले गेले आहेत.

याच्या उलट, जनुकप्रवाह जवळजवळ तुटल्याचे उदाहरण सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला आहे. शोला जंगलांत, म्हणजे डोंगरमाथ्यांवरच्या सदाहरित जंगलांत, राहणारे पक्षी उंच डोंगरमाथे सोडून खाली उतरत नाहीत. त्यामुळे पालघाट खिंडीसारख्या दऱ्यांच्या दोन बाजूंचे पक्षी लाखो वर्षे अलग राहिले. २०१७ साली या पक्ष्यांसाठी दोन नव्या प्रजातिगटांची मांडणी झाली, ती त्यांच्या जनुकीय अभ्यासातून.

११. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांत संकरज असू शकतात का?

असू शकतात, आणि आपल्या निरीक्षकांनी येथे जास्त लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

दख्खनच्या ज्वारीच्या शेतांत हिवाळ्यात भारीट पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. त्यांपैकी काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप ते इराण या भागात वीण करतो आणि लाल डोक्याचा भारीट मध्य आशियात. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेला, उत्तर इराणमध्ये, दोघांची क्षेत्रे भिडतात आणि तेथे त्यांचा संकर होतो. तेथील नरांत डोक्याचा काळा आणि तांबडा रंग कमीअधिक प्रमाणात मिसळलेला दिसतो. दोन्ही प्रजाती भारतात हिवाळा काढत असल्याने असे नर आपल्या थव्यांतही येऊ शकतात. माद्यांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. दोन्ही प्रजातींच्या शुद्ध माद्याच ओळखणे इतके कठीण आहे की, संकरज मादी मैदानात ओळखल्याचा दावा मान्य करता येत नाही.

दुसरे उदाहरण पांढऱ्या धोब्याचे. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली या पक्ष्याच्या एका रूपाला दख्खनवरून नाव दिले, कारण त्यांना तो येथेच भेटला होता. हे रूप, आणि चेहऱ्यावर काळा बुरखा असलेले दुसरे रूप, दोन्ही हिवाळ्यात भारतात येतात आणि दक्षिण सायबेरियात त्यांचा संकरपट्टा आहे. तेथील पक्ष्यांवरून असे दिसले आहे की, डोक्याच्या या ठळक नक्षीतील फरक मुख्यत्वे जीनोममधील दोन लहान भागांमुळे पडतो. थंडीत डोक्याची नक्षी अस्पष्ट असते; मार्चमध्ये परतीच्या आधी नवा पिसारा येतो, तेव्हा गाल आणि कानामागचा भाग नीट पाहावा.

१२. दुसऱ्या प्रजातीचे जनुक मिळून एखाद्या प्रजातीचा फायदा होतो का?

होतो, आणि त्याचा एक पुरावा आपल्या अंगणात हिंडतो. पाळीव कोंबडी मुख्यत्वे लाल रानकोंबड्यापासून आली आहे. पण २००८ साली असे सिद्ध झाले की, पिवळी कातडी आणि पिवळे पाय देणारे जनुकाचे रूप तिला राखी रानकोंबड्याकडून मिळाले आहे. हा राखी रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवणारा आपलाच पक्षी. एक विकर (एन्झाइम) एरवी अन्नातून येणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यांचे तुकडे करते. राखी रानकोंबड्याकडून आलेल्या रूपामुळे हे विकर कातडीत फार कमी तयार होते आणि रंगद्रव्य तेथेच साठून राहते. माणसाने अशा पिवळ्या पायांच्या कोंबड्या आवडीने निवडल्या, आणि आज जगभरातील असंख्य कोंबड्यांत जनुकाचे हे रूप आहे. संकर पूर्वी केव्हा तरी झाला, त्यातले बाकीचे बहुतेक गळून गेले आणि माणसाने निवडलेले तेवढे टिकले.

निसर्गातील निवडीचे उदाहरण पुन्हा डॅफ्नी मेजरवर मिळते. १९८२-८३ च्या एल निनोमुळे तेथे प्रचंड पाऊस झाला, बेटावरील वनस्पती बदलल्या आणि लहान बियांचा सुकाळ झाला. त्याआधी मधल्या आकाराच्या चोचीचे संकरज टिकत नव्हते. त्यानंतर ते मूळ प्रजातींइतकेच, काही वेळा त्याहून चांगले, जगू लागले. संकरजाची योग्यता ही ठरीव गोष्ट नाही. परिस्थिती पालटली की तीही पालटते.

१३. संकरातून नवी प्रजाती तयार होऊ शकते का?

क्वचित होते. त्यासाठी संकरजांनी दोन्ही मूळ प्रजातींपासून अलग होऊन आपसांत वीण करावी लागते, आणि तेच अवघड असते.

इटलीतील चिमणी हे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे. ती आपली घरचिमणी आणि स्पॅनिश चिमणी यांच्या संकरातून आली. कोर्सिका, क्रीट, सिसिली आणि माल्टा या बेटांवरील चिमण्यांत दोन पूर्वजांचा वाटा निरनिराळ्या प्रमाणात आढळतो, म्हणजे तोच संकर ठिकठिकाणी वेगळ्या रीतीने स्थिरावला.

ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या जंगलात १९५७ साली सोनेरी मुकुटाचा मॅनाकिन सापडला. त्यानंतर तो थेट २००२ साली पुन्हा दिसला. २०१८ च्या अभ्यासानुसार तो सुमारे १,८०,००० वर्षांपूर्वीच्या संकरातून निर्माण झाला. त्याच्या एका पूर्वजाचा मुकुट हिमासारखा शुभ्र, तर दुसऱ्याचा ओपल रत्नासारखा चमकणारा आहे. दोन्ही चकाकी पिसांतील केराटिन या प्रथिनाच्या सूक्ष्म रचनेतून येतात. संकरजात ती रचना मधलीच झाली आणि दोन्ही चकाकी हरवून मुकुट निस्तेज झाला असावा; पुढे पिवळ्या रंगद्रव्याने ती उणीव भरून काढली. संकराने आधी काहीतरी हिरावून घेतले आणि त्या जागी निवडीने नवे घडवले, हा क्रम मला या सर्व उदाहरणांत सर्वाधिक सुंदर वाटतो.

डॅफ्नी मेजरवर तर अशी सुरुवात प्रत्यक्ष पाहायला मिळाली. १९८१ साली सुमारे शंभर किलोमीटरवरील एस्पान्योला बेटावरून एक मोठा नर फिंच तेथे आला. त्याने स्थानिक मध्यम फिंचच्या मादीशी जोडी जमवली, आणि त्यांचे वंशज पुढे आपसांतच वीण करू लागले, कारण त्यांचे गाणे आणि चोच दोन्ही वेगळी होती. एका दुष्काळात या वंशातील केवळ एक भाऊ आणि एक बहीण उरले, तरी वंश टिकला. त्याला प्रजाती म्हणण्याइतका काळ मात्र अजून गेलेला नाही.

१४. संकरामुळे दुर्मीळ प्रजाती नष्ट होण्याचा धोका असतो का?

माणसाने परकी प्रजाती आणून सोडली असेल, तर असतो. स्पेनमध्ये पांढऱ्या डोक्याच्या बदकांची संख्या १९७७ साली अवघी २२ उरली होती. ती संरक्षणामुळे सावरत असतानाच ब्रिटनमध्ये पाळलेली आणि तेथून सुटून वाढलेली अमेरिकेतील तांबूस बदके स्पेनपर्यंत पोहोचली आणि संकर सुरू झाला. संकरज फलक्षम होते, त्यामुळे मूळ प्रजातीच विरघळून जाण्याची भीती होती. अखेर स्पेनमध्ये आणि २००५ पासून ब्रिटनभर तांबूस बदके हटवण्याची मोहीम घ्यावी लागली. न्यूझीलंडमध्ये सोडलेल्या मॅलार्ड बदकांनी तेथील स्थानिक राखाडी बदकाची हीच गत केली आहे.

बहुतेक पाळीव बदके मॅलार्डपासूनच आलेली आहेत, आणि मॅलार्डचा जवळच्या नातलगांशी सहज संकर होतो. म्हणून आपल्या तलावांवर हळदी-कुंकू बदके असतील, तेथे शोभेसाठी पाळीव बदके सोडू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. हाच धोका लाल रानकोंबड्यालाही आहे. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी तुलना केल्यावर आजच्या रानकोंबड्यांत पाळीव कोंबडीच्या जनुकांचा वाटा वाढलेला दिसतो.

नैसर्गिक संकरपट्ट्यांना मात्र हा निकष लावू नये. ते हजारो वर्षांच्या घडामोडींचे फलित आहेत आणि त्यांत हस्तक्षेप करण्याचे कारण नाही.

१५. गोंदियातील सारसांना संकराचा धोका आहे का?

नाही. भारतात सारसाचा असा कोणताही जवळचा नातलग वीण करत नाही. हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील बातम्यांमुळे येतो. तेथे सारसाची पहिली नोंद १९६६ साली झाली आणि उत्तर क्वीन्सलंडमध्ये त्याचा तेथील ब्रोल्गा क्रौंचाशी संकर होतो. गोंदिया, भंडारा भागातील सारसांपुढचे प्रश्न पाणथळ जागा, कीटकनाशके आणि विजेच्या तारा यांच्याशी निगडित आहेत.

१६. दोन प्रजातींचे जीनोम जवळजवळ सारखे निघाले तर त्यांना एकच प्रजाती म्हणावे का?

हा प्रश्न अमेरिकेतील सोनपंखी आणि निळपंखी वटवट्यांमुळे चर्चेत आला. त्यांचे संकरज इतके वेगळे दिसतात की १८७४ साली त्यांच्या दोन प्रकारांना नव्या प्रजाती म्हणून नावे दिली गेली होती. २०१६ साली कळले की या दोघांचे जीनोम ९९.९७ टक्के सारखे आहेत, आणि ठळक फरक केवळ सहा भागांत आहेत. त्यांतील बहुतेक भाग पिसांच्या रचनेशी किंवा रंगाशी संबंधित जनुकांजवळ आहेत. या उत्तरावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते टक्केवारीवरून निर्णय देणे चुकीचे आहे, कारण कोणते भाग वेगळे राहिले आहेत याला किती भाग वेगळे आहेत यापेक्षा जास्त महत्त्व आहे (प्रश्न ८ मधील कावळे पाहावेत). सोनपंखी वटवट्याची संख्या घटत असल्याने हा वाद केवळ नावापुरता नाही. एकच प्रजाती मानली, तर तिच्या संरक्षणाचा आग्रहही मंदावेल.

१७. एका प्रजातीत दुसरीचे जनुक सापडले म्हणजे संकर झालाच, असे समजावे का?

लगेच समजू नये. दोन प्रजाती ज्या पूर्वजापासून फुटल्या, त्याच्यातच एका जनुकाची दोन-तीन रूपे असतील, तर ती रूपे दोन्हीकडे योगायोगाने टिकून राहू शकतात. प्रजाती अलीकडे वेगळ्या झाल्या असतील, तर हे हमखास घडते. हा वारसा आणि संकर यांतील भेद ओळखण्यासाठी तीन नातलग प्रजाती आणि एक दूरचा नातलग यांची तुलना करतात. केवळ वारसा असेल, तर तिसऱ्या प्रजातीचे साम्य पहिल्या दोघींशी सारख्याच प्रमाणात दिसते. ते एकीकडे स्पष्टपणे झुकलेले असेल, तर जनुकप्रवाह मानण्यास आधार मिळतो.

मायटोकाँड्रिया या पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाच्या डीएनएवर विसंबतानाही काळजी घ्यावी. तो फक्त आईकडून मिळतो. पक्ष्यांत संकरज माद्याच आधी वांझ होत असल्याने (प्रश्न ५) तो पलीकडे जाण्याची वाट लवकर बंद होते, पण नरांमार्फत केंद्रकातील जनुके जातच राहतात. त्यामुळे मायटोकाँड्रियात काहीच मिसळलेले न दिसणे म्हणजे जनुकप्रवाह नाही, असे होत नाही.

१८. दोन टोकांच्या पक्ष्यांची आपसांत वीण होत नाही, पण मधल्या सर्वांची होते, असे खरोखर घडते का?

हिरवट पर्णवटवट्या हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. हिवाळ्यात महाराष्ट्राच्या झाडांवर सतत हालचाल करणारा हा लहानसा पक्षी आपल्याला आवाजावरूनच आधी कळतो. क्लॉड टायसहर्स्ट यांनी १९३८ साली मांडले की, हा पक्षी तिबेटच्या पठाराभोवती दोन्ही बाजूंनी पसरत गेला. हिमालयातून पश्चिमेकडे आणि पूर्वेकडे जाताना त्याची रूपे हळूहळू बदलली, आणि मध्य सायबेरियात दोन्ही टोके भेटली तेव्हा ती एकमेकांची गाणी ओळखेनाशी झाली होती. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पक्षी मुख्यत्वे पश्चिमेकडच्या रूपाचे असतात. पूर्वेकडचे रूप आग्नेय आशियात जाते.

२००१ च्या अभ्यासाने हे चित्र बळकट केले. पण २०१४ साली हजारो जनुकीय खुणा तपासल्यावर त्यात दुरुस्ती करावी लागली. पठाराभोवतीचे हे कडे (वर्तुळ) अखंड नव्हते. इतिहासात काही ठिकाणी जनुकप्रवाह तुटला होता आणि नंतर पुन्हा जुळला होता. शिवाय सायबेरियातील दोन टोके पूर्णपणे अलगही निघाली नाहीत. त्यांच्यातही थोडी जनुके एकीकडून दुसरीकडे गेली आहेत. उत्तर चीनमध्ये या कड्यात आज जे खिंडार दिसते, त्यामागे तेथील जंगलतोड असावी असे मानले जाते. त्यामुळे तेथे पूर्वी कोणते मधले रूप राहत होते, हे आता जिवंत पक्ष्यांवरून तपासण्याची सोय उरलेली नाही.